मार खाल्लेली भाषा

वाडीत सोनचाफा काढत होते, तेव्हा बस्त्यावचा फोन आला. बस्त्याव म्हणजे रोझीचा धाकटा भाऊ, तिला बाय म्हणणारा. भुईगावहून एवढ्या सकाळी त्याचा फोन म्हटल्यावर माझ्या हातातली परडी मी आधी खाली ठेवली. "बाय गेली," एवढंच तो म्हणाला. न्हाणीत तिला फिट आली होती. दार आतून लावलेलं. बस्त्यावनं कुऱ्हाडीनं दार फोडलं तोवर सगळं संपलेलं होतं. पडताना डोकं दगडी पाथरीवर आपटलं, म्हणून न्हाणीभर रक्त होतं. मी वटारहून तिथे पोचले तेव्हा त्याची बायको बादलीमागून बादली ओतत होती, आणि पाणी काही केल्या स्वच्छ निघत नव्हतं.

रोझी परेरा. गोखिवऱ्याच्या आमच्या शाळेतल्या मुलांच्या परेरा बाई. परवा तिची महिन्याची मिस्सा झाली. फादर म्हणाले, देवानं तिला आपल्याजवळ बोलावलं. मी हिंदू असून बाकावर शांत बसून ऐकलं, पण मनात म्हटलं, देवाच्या अंगावर कशाला ढकलता... तिला फिट यायला लागल्या त्या डोक्यावर सळई बसल्यापासून. डॉक्टर सांगतात की संबंध असेल, नसेलही, खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. माझ्या लेखी हा खून आहे, फक्त तो पुरा व्हायला काही वर्षं लागली. आणि तो कशापायी झाला, तर पहिलीतल्या मुलांना एक नवी भाषा न मारता शिकवता येते, असं तिचं म्हणणं होतं त्यापायी.

आम्ही दोघी वसईत डी.एड.ला एका बाकावर होतो. मी वटारच्या बागायतदार घरातली, ती भुईगावच्या ख्रिस्ती घरातली. माझ्या घरची बोली वेगळी, तिच्या घरची आणखी वेगळी, आणि वर्गात शिरताना दोघींनाही ती चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवावी लागे. पाठाच्या तासाला ती फळ्यावर लिहायला उभी राहिली की माझं लक्ष तिच्या हाताकडे जाई. उजव्या हाताचं मधलं बोट पेरापाशी वाकडं होतं. विचारल्यावर तिनं सांगितलं ते असं. तिची आई कोळीवाड्यातली, तिच्या तोंडात 'ण' नव्हताच. पहिलीच्या पहिल्या आठवड्यात रोझीला तहान लागली म्हणून तिनं उभं राहून विचारलं, बाई, पानी पिऊ? बाईंनी काय म्हणालीस म्हणून विचारलं. ती पुन्हा म्हणाली, पानी. बाईंनी बोटांच्या सांध्यांवर लाकडी पट्टीची कड हाणली आणि म्हणाल्या, परत म्हण. तिनं परत तेच म्हटलं. तिला हट्ट करायचा नव्हता. दोन उच्चारांतला फरक तिच्या कानाला ऐकूच येत नव्हता, त्यामुळे आपलं नेमकं काय चुकतंय हे कळायला तिला मार्गच नव्हता. पट्टी पडत राहिली, ती 'पानी' म्हणत राहिली, बोटाचं हाड मोडेपर्यंत. पाणी मात्र त्या दिवशी तिला मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी वडील हळदीनं बांधलेला तो हात धरून तिला शाळेत घेऊन गेले आणि बाईंना म्हणाले, मारा, पण शिकवा.

हे सांगताना ती हसली नाही आणि रडलीही नाही. एवढंच म्हणाली की त्यानंतर वर्षभर मी वर्गात पाणी मागितलं नाही.

पुढे आमच्या शाळा वेगळ्या झाल्या. कित्येक वर्षांनी माझी बदली गोखिवऱ्याला झाली तेव्हा ती तिथे पहिलीच्या वर्गावर मुरलेली होती. शाळेच्या मागे कारखान्यांचे गाळे, आणि गाळ्यांमागे कामगारांच्या चाळी. पोरं तिथूनच यायची. कोणी घरी भोजपुरी बोलायचं, कोणी मारवाडी, कोणी बंगाली, कोणी ओडिया. घराजवळ आमची मराठी शाळा होती म्हणून आईबाप आणून बसवायचे. त्या चिमण्यांना फळ्यावरचं कळायचं नाही, बाईंचं बोलणं कळायचं नाही, शेजारच्या मुलानं पेन्सिल मागितली तरी कळायचं नाही. त्यातली काही रडायची, काही चावायची, आणि बरीचशी गप्प बसायची. गप्प बसणाऱ्यांना आमच्यापैकी पुष्कळजण मठ्ठ समजत. रोझी म्हणायची, ते ऐकतंय, त्याला ऐकू द्या, बोलायची वेळ त्याची त्याला ठरवू द्या. नवं मूल आलं की ती खुर्ची सोडून त्याच्याशेजारी फरशीवर बसायची. त्याची भाषा बोलणारं दुसरं मूल शोधून दोघांना जोडीनं बसवायची. खडू, दप्तर, कावळा असं काहीतरी दाखवून आधी त्याचा शब्द विचारायची, तो फळ्यावर लिहायची, सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यायची, आणि मगच त्याच्या शेजारी मराठी शब्द लिहायची. पालकांना सांगायची की घरी मोडकीतोडकी मराठी बोलू नका, तुमच्या भाषेत गोष्टी सांगा, भरपूर बोला. एका बैठकीत कोणीतरी विचारलं, त्यानं मराठी कशी सुधारणार? तर ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, या सुलूबाईंच्या वाडीत जाऊन बघा, पानवेल चढवायची म्हणून आधाराचं झाड कोणी उपटून टाकतं का.

तरी ती गरीब गाय होती असं कोणी समजू नये. तिच्या अंगात राग होता, आणि तो तिला लहानपणापासून जपून ठेवलेल्या वस्तूसारखा चटकन सापडायचा. शेजारच्या वर्गावर एक गुरुजी होते. त्यांच्याकडे निरगुडीची छडी असे, आणि ती कपाटातच ठेवायची अशी वरून तंबी असूनही ती बाहेर निघायची. एका दुपारी त्यांच्या वर्गातून सपासप आवाज यायला लागला. आम्ही दोघी दारात जाऊन पाहिलं, तर आदल्या महिन्यात बिहारहून आलेला एक बारका मुलगा हात पुढे करून उभा होता आणि गुरुजी म्हणत होते, म्हण, पा-णी. पोरगं हुंदके देत 'पानी' म्हणत होतं. त्याच्या चड्डीतून खाली ओघळ लागलेला. रोझी मधून चालत गेली, त्या मुलाचा हात बाजूला सारला, आणि टेबलावर स्वतःचा हात ठेवून म्हणाली, "माझी आईपण पानीच म्हणायची. मारा." छडी वर गेलेली होती. गुरुजींना ती थांबवता आली नाही, की थांबवायची नव्हती, ते त्यांनाच ठाऊक... ती खाली आली, आणि रोझीच्या हातावर उठलेला वळ साऱ्या वर्गानं पाहिला. तिनं हात काढला नाही. पुन्हा मारा, म्हणाली. दुसऱ्यांदा छडी उचलली गेली नाही. ती त्यांच्या हातातून घेऊन तिनं गुडघ्यावर मोडली, आणि त्या मुलाला नळावर नेऊन पोटभर पाणी पाजलं. त्यानंतर गुरुजी आमच्याशी बोलेनासे झाले, पण वर्गातून तो आवाज पुन्हा आला नाही.

खुशबू आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. तिचा बाप रामप्रवेश गोपालगंजकडचा, एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्यांच्या मशीनवर कामाला. आई घरी बटणं लावायची. पोर पहिले चार-पाच महिने एक अक्षर बोलली नाही, नुसते डोळे मोठे करून रोझीच्या तोंडाकडे बघत बसायची. दिवाळीची सुट्टी संपवून आली आणि धरण फुटावं तशी बोलायला लागली. चुकायची, स्वतःच सुधारायची, पुन्हा बोलायची. घरी जाऊन आईला 'मांजर' आणि 'खिडकी' शिकवायची. रोझीला मुलांत डावं-उजवं करायला आवडत नसे, पण या पोरीनं तिला वेड लावलं होतं हे मला दिसत होतं.

मार्चमधली दुपार होती. शाळा सुटली होती, आम्ही फाटकातून बाहेर पडत होतो. रामप्रवेश लेकीला न्यायला सायकलवर आला होता. कोपऱ्यावर पाच-सहा पोरांनी मोटारसायकली आडव्या लावलेल्या. वळताना त्याच्या सायकलीचं हँडल एका मोटारसायकलीला घासलं. त्यांनी अडवलं, तो हात जोडून हिंदीत काहीतरी म्हणाला. मराठीत बोल, एकजण ओरडला. तेव्हा खुशबू बापाच्या पुढे झाली. "माझ्या बाबांना मराठी येत नाही. मला येतं, मी सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, वर्गात कविता म्हणताना असायचा तसा. ती पोरं हसली. एकानं मोबाइल काढून धरला. मग तूच शिकव त्याला, म्हणाला, सांग त्याला म्हणायला, मला माफ करा, मी चुकलो.

पोरीनं शिकवलं. पण ती मुलगी होती, सहा वर्षांची, तिच्या तोंडात आलं ते तिचं स्वतःचं रूप. ती म्हणाली, मला माफ करा, मी चुकले. बापानं लेकीच्या तोंडाकडे बघत जसंच्या तसं म्हटलं, मी चुकले. एकच हशा झाला आणि त्याच्या कानाखाली बसली. बाई आहेस काय रे, परत म्हण. खुशबूनं घाईघाईनं सुधारलं, बाबा, चुकलो, चुकलो. घाबरलेला माणूस, त्याला आता पहिलंच आठवत होतं. चुकले, तो म्हणाला. पुन्हा एक बसली. आम्ही तोवर धावायला लागलो होतो, पण मधे रिक्षा, सुटलेली मुलं, आणि बघत उभी राहिलेली माणसं. दर चुकीला एक थप्पड पडत होती आणि पोर अधिकाधिक मोठ्यानं बापाला शिकवत होती. शेवटी त्यानं मारणाऱ्याचा हात नुसता धरला. तेवढं पुरलं. तो खाली पडला, पायांनी तुडवला गेला, एकानं रस्त्याच्या कडेचा पेव्हर ब्लॉक उचलला, आणि दुसऱ्यानं हेल्मेटची कड त्याच्या तोंडावर घातली. पिकलेलं फळ फुटावं तसा आवाज झाला.

रोझी जाड बाई, पन्नाशी उलटलेली, पण ती त्या घोळक्यात घुसली आणि हेल्मेटवाल्याची कॉलर धरून तिनं त्याला दोन मुस्काटात ठेवून दिल्या. मग तिचा हात हवेतच थांबला. तो मंगेश होता. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी तिच्याच वर्गात बसलेला. त्यानंही ओळखलं. मान खाली घालून म्हणाला, बाई, तुम्ही मधे पडू नका, हे आपल्या भाषेसाठी आहे. "कुठल्या? मी शिकवली त्या?" तिनं विचारलं. कोणीतरी तिला मागून ढकललं, ती तोंडावर पडली, आणि मोटारसायकली सुरू होऊन निघून गेल्या. रामप्रवेशच्या चेहऱ्याची एक बाजू उरली नव्हती. मी ओढणीनं रक्त दाबत होते. खुशबू सायकलीपाशी उभी होती, आणि तिचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, चुकलो, चुकलो, चुकलो... आता अगदी बरोबर म्हणत होती.

त्यानंतर ती बोलायची थांबली. मराठीतच नाही, घरी आईशी भोजपुरीतसुद्धा. बापाचा डावा डोळा गेला. तो इस्पितळातून घरी आला तेव्हा पोर त्याच्यासमोर येईना, भिंतीकडे तोंड करून झोपायची.

आम्ही दोघींनी पोलिसांत जबाब दिले. मी या शाळेत नवी, मला त्यांतला कोणीच माहीत नव्हता. रोझीला तिघं माहीत होते. तिनं तिघांची नावं दिली, मंगेशचं सगळ्यांत आधी. सही करून बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "सुलू, याला लिहायला मी शिकवलं गं. हात धरून." मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

पंधरवड्यात तिच्या घरावर दगड आले. मग बस्त्यावच्या वाडीतली लोंगरं लागलेली केळ कोयत्यानं बुंध्यातून कापून टाकली, ओळीच्या ओळी. सकाळी मी गेले तर सगळी झाडं एकमेकांवर आडवी पडलेली, कापलेल्या बुंध्यांतून पाणी गळत होतं आणि बस्त्याव बांधावर डोकं धरून बसला होता. त्यानं बहिणीसमोर हात जोडले, बाय, जबाब मागे घे म्हणाला. ती म्हणाली, केळ पुन्हा उगवते, डोळा उगवत नाही. एवढ्यावर थांबेल असं मला वाटलं होतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ती स्कूटरवरून घरी जात होती. मागून आलेल्या मोटारसायकलीनं लाथ मारून तिला पाडलं आणि मागे बसलेला उतरून आला. सळईचा एक घाव डोक्यावर, एक जबड्यावर. जबडा दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी विचारलं, मंगेश होता का. तिनं पाटीवर लिहून दिलं की दोघांच्या डोक्यांवर हेल्मेटं होती, चेहरा मी पाहिला नाही, जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही. बस्त्याव इस्पितळाच्या भिंतीवर मुठी आपटत होता, पण तिनं लिहिलेलं पुसलं नाही.

डॉक्टरांनी तिचे वरचे-खालचे दात तारांनी आवळून टाकले. जबडा जुळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, स्ट्रॉनं पेज आणि सार प्यायचं. टाके निघाल्यावर तीन आठवड्यांत ती शाळेत हजर झाली. तोंड सुजून काळंनिळं, डोक्यावर रुमाल. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला, न बोलता काय शिकवणार. तिनं खडूनं लिहिलं, 'न बोलणारी आणखी एक आहे ना.' खुशबू दुसरीत गेली होती. रोझीनं दुसरीचा वर्ग मागून घेतला आणि ती रोज तिच्या बाकावर, तिच्या शेजारी बसायला लागली. एक मुकी शिक्षिका आणि एक मुकी पोर. रोझी वस्तू दाखवायची, चित्रं काढायची, हातवारे करायची, आणि बाईंना काय म्हणायचंय ते मुलं ओळखून सांगायची. गंमत म्हणून नाही, गरज म्हणून. कधी नव्हे इतकी मुलं त्या वर्गात बोलली. एकटी खुशबू सोडून.

एक दिवस मुलं गलका करत होती. रोझीनं आवळलेल्या दातांतून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, आणि एक विचित्र गुरगुर तेवढी बाहेर पडली. पुढच्या बाकावरच्या एका मुलानं तिची नक्कल केली, म्हणजे पोरं करतात तशी. वर्ग हसला. आणि खुशबू उठली, पाटी दोन्ही हातांनी धरली, आणि चौकटीची कड त्या मुलाच्या कपाळावर हाणली. रक्ताची धार लागली. ती तेवढ्यावर थांबली नाही, त्याच्या अंगावर चढली, केस ओढत होती, आणि तिच्या तोंडून गाळ्यांत ऐकायला मिळते तसली शिवी बाहेर पडली, पाठोपाठ भोजपुरी, पाठोपाठ मराठी. "बाईंना चिडवायचं नाही. बाईंना कोणी चिडवायचं नाही." आवाज ऐकून मी शेजारच्या वर्गातून धावत आले तेव्हा रोझी एका हातानं मुलाचं कपाळ दाबून धरत होती, दुसऱ्या हातानं पोरीला कवटाळत होती, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मुलाला मी दवाखान्यात नेलं. परत आले तर फळ्यावर रक्ताळलेल्या खडूनं एकच शब्द होता. 'बोलली.'

त्याचा तिला आनंद झाला, पण तो तिला पचला नाही. तारा निघाल्यावर ती मला म्हणाली, तिचा पहिला शब्द शिवी होता सुलू, आणि तो हात उचलल्याशिवाय निघाला नाही... हे मी शिकवलेलं नाही, पण ती शिकलीच ना. तिनं खुशबूला आणि त्या मुलाला वर्षभर एका बाकावर बसवलं. आणि खरी गाठ सुटली ती त्या पावसाळ्याच्या शेवटी, खुशबूच्या घरी. रोझी आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन बसायची, खुशबूच्या आईकडून भोजपुरी शिकायची, फार वाईट बोलायची, आणि ते ऐकून पोर हसायची. त्या दिवशी मी सोबत होते. बोलता बोलता पोर एकदम थांबली आणि बापाच्या डोळ्यावरच्या पट्टीकडे न बघता म्हणाली, "हम गलत सिखवनी." मीच चुकीचं शिकवलं. सहा महिने ही पोर ते उराशी धरून होती, की माझ्या एका चुकीच्या शब्दापायी बापाचा डोळा गेला. आईनं तोंडाला पदर लावला. रोझीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तेव्हा तिचा स्वतःचा जबडा वाकडाच जुळलेला होता, 'च' आणि 'स' फुटून यायचे. ती म्हणाली, "तू मुलगी आहेस. मुलगी 'चुकले' म्हणते. तू अगदी बरोबर शिकवलंस." पोर तिच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि बापाच्या मांडीवर जाऊन बसली. किती महिन्यांनी, ते त्यालाच विचारायला हवं.

खटला उभा राहिला त्याला आणखी दोन वर्षं लागली. रोझीची उलटतपासणी मी ऐकली. आरोपींचे वकील गोड बोलणारे होते. तुम्ही मराठीच्या शिक्षिका, मग मराठीचा मान राखायला गेलेल्या आपल्याच विद्यार्थ्याविरुद्ध कशा उभ्या राहिलात, असं त्यांनी विचारलं. ती उत्तर द्यायला लागली. वाकड्या जबड्यातून शब्द घसरत होते. वकील म्हणाले, नीट बोला बाई, आम्हाला समजत नाही. कोर्टात कोणीतरी खुसखुसलं. ती थांबली, ओठ पुसले, आणि म्हणाली, "हळू ऐका. पहिलीतल्या मुलांना समजतं." मग तिनं सगळं सांगितलं, चुकले आणि चुकलो यांच्यासकट. मंगेशनं वर पाहिलं नाही. खटला अजून चालू आहे, तो जामिनावर बाहेर आहे, पण तिची साक्ष कागदावर पुरी उतरलेली आहे. ती आता कोणाला कोयत्यानं कापता येणार नाही.

भुईगावच्या दफनभूमीत तिची पेटी खाली सोडली तेव्हा मंगेश आला होता. भिंतीपाशी उभा राहिला, मग सगळे मूठमूठ माती टाकायला लागल्यावर तोही मूठ भरून पुढे आला. बस्त्यावनं त्याला पाहिलं. शेजारच्या माणसाच्या हातातलं फावडं त्यानं कधी हिसकावलं ते कळलंच नाही, मला दिसलं तेव्हा ते डोक्याच्या वर गेलेलं होतं. मागून येऊन ज्यानं त्याला कमरेत मिठी मारली तो रामप्रवेश होता. "छोड दीजिए भैया, छोड दीजिए," तो म्हणत राहिला, फावडं खाली येईपर्यंत. रामप्रवेशला आता मराठी सगळी समजते, पण तो ती बोलत नाही. रोझीनंही त्याला कधी आग्रह केला नाही. मंगेशच्या मुठीतली माती वाटेवरच सांडली. तो फाटकाबाहेर गेला, आणि मग आम्ही तिला पुरलं.

निवृत्तीनंतर रोझीनं गाळ्यांमागच्या चाळीत एक खोली घेतली होती. गावाकडून नुकतीच आलेली मुलं शाळेत जायच्या आधी तासभर तिथे बसायची, शाळेची भीती मोडायला. आता ती खोली मी चालवते. खुशबू तिथे येते, तिची शाळा दुपारची असते. रोझीची एक सवय सांगायची राहिली. मूल काही सांगायला लागलं, की कितीही चुकीचं सांगो, कुठल्याही भाषेत सांगो, ती ते दुरुस्त करायची नाही. हनुवटी थोडी पुढे काढून हळूच विचारायची, "मग?" बस, एवढंच. मूल पुढे सांगायचं. त्यापुढे पुन्हा, मग? त्या खोलीतल्या साऱ्या मुलांना ती लागलेली आहे. भांडताना, गोष्ट सांगताना, कोणी पडून रडत आलं तरी, खोलीभर मग-मग चाललेलं असतं.

गेल्या सोमवारी ओडिशाहून आलेल्या एका कुटुंबातली मुलगी पहिल्यांदा बोलली. आठवडाभर ती दाराशी अंग चोरून बसत होती. त्या दिवशी तिचा कान सुजून लाल झालेला होता, गालावर चार बोटं उमटलेली. मी जवळ बसले, काही विचारलं नाही. तिनंच माझ्याकडे बघून म्हटलं, "मारिला." मारवाडी बोलणारी, बंगाली बोलणारी, भोजपुरी बोलणारी, सगळी पोरं तिच्याकडे बघत होती. फळ्यावर लिहायची गरज नव्हती, तो शब्द कोणाला शिकवावा लागला नाही. कोणी, केव्हा, कशापायी, असे प्रश्न माझ्या तोंडाशी आले होते, मी ते कसेबसे अडवून धरले. तेवढ्यात माझ्या मागे बसलेल्या खुशबूनं अगदी हळू विचारलं, "मग?"

मुलगी तिच्याकडे वळली, आणि सांगायला लागली. भराभर, न थांबता, तिच्या भाषेत. मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं. शाळेची वेळ झाली, बाहेर घंटा झाली, तरी कोणी उठलं नाही.